वर्षभराची इंटर्नशिप: मुंबई, पुणे की वेर्णा?

डिग्रीचा निकाल लागला आहे, पुढे एमबीए की एमएस्सी ते ठरत नाही, आणि हातात वर्षभराच्या इंटर्नशिपची दोन पत्रं आहेत. एक मुंबईचं, एक गोव्यातल्याच वेर्णा औद्योगिक वसाहतीतलं. गोव्यातल्या बऱ्याच घरांत दर जून-जुलैला हा वाद रंगतो. आई म्हणते घरी राहून कर, काका म्हणतात मुंबई पाहिल्याशिवाय माणूस घडत नाही. मला दोघांचंही अर्धंच पटतं.

मी फोंड्याचा. बीकॉमनंतर वर्षभर मुंबईत बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) एका वित्तीय कंपनीच्या ऑपरेशन्स विभागात होतो. त्याच वर्षी माझा मावसभाऊ वेर्ण्यात एका औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलला लागला आणि साखळी गावची एक मैत्रीण पुण्यात हिंजवडीला सॉफ्टवेअर टेस्टिंगला. तिघांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्यामुळे तिन्हीकडची रडगाणी मला रोजच्या रोज कळत होती.

माझं मत आधीच सांगून टाकतो. शहराचं नंतर बघा, आधी तुमच्या विषयाचा धंदा कुठे चालतो ते बघा. मुंबईत रिझर्व्ह बँक फोर्टात, बीएसई हा शेअर बाजार दलाल स्ट्रीटवर, बाजारावर नजर ठेवणारी सेबी आणि दुसरा शेअर बाजार एनएसई बीकेसीत. बँका, म्युच्युअल फंड, ब्रोकर सगळे त्यांच्याच आसपास. फायनान्स किंवा जाहिरातक्षेत्र डोक्यात असेल तर गोव्यात त्याचं शेपूट तेवढं बघायला मिळतं: शाखा, विक्री आणि टार्गेट. औषधांचं नेमकं उलट आहे. वेर्णा, कुंडई, कोलवाळ या पट्ट्यात नावाजलेल्या कंपन्यांचे कारखाने आहेत. बऱ्याच जणांचं मुख्य कार्यालय मुंबईत असेल, पण गोळी इथे बनते. मेकॅनिकलवाल्यांना वेर्ण्यातले कारखाने आहेत, वास्कोला गोवा शिपयार्ड आहे. सॉफ्टवेअरला पुणे किंवा बंगळूर. हॉटेल मॅनेजमेंटवाल्यांनी हा लेख इथेच सोडला तरी चालेल, त्यांच्यासाठी अख्खा देश गोव्यात येतो.

प्रत्यक्ष काम काय मिळतं

मुंबईत सुरुवातीला बराच काळ मी एकच काम केलं, रिकन्सिलिएशन. आपल्या सिस्टीममधले सौदे एका बाजूला, कस्टोडियनकडून (शेअर सांभाळणाऱ्या संस्थेकडून) आलेली फाइल दुसऱ्या बाजूला, आणि न जुळणाऱ्या ओळी शोधायच्या. जानेवारी २०२३ पासून आपल्या शेअर बाजारात टी प्लस वन सेटलमेंट पूर्णपणे लागू झाली, म्हणजे आजचा सौदा पुढच्या कामकाजाच्या दिवशी पुरा व्हायलाच हवा. त्यामुळे संध्याकाळी एक ओळ लटकली तरी सगळ्या टेबलाला घाम फुटतो. एकदा डोळ्यांना दोन्ही फाइलींतले कोड सारखे दिसत होते, तरी एक्सेलचं व्हीलुकअप काही केल्या जुळवत नव्हतं. आमच्या सीनियर मॅडमनी मागून डोकावून पाहिलं, एका कोडच्या शेपटीला न दिसणारी एक स्पेस होती ती ट्रिमने उडवली, आणि काही न बोलता चहाला गेल्या. असलं शिक्षण पुस्तकात मिळत नाही हे खरं. पण वर्ष संपेपर्यंत मी एकही ग्राहक पाहिला नाही, आणि कंपनीला पैसा नेमका कुठून मिळतो हे मला कॅन्टीनमधल्या गप्पांतून कळलं. मोठ्या ऑफिसात इंटर्नच्या वाट्याला मोठ्या फणसातला एक गरा येतो.

मावसभावाचा पहिला महिना एसओपी, म्हणजे कामाच्या ठरलेल्या पद्धतीची पत्रकं, वाचून खाली सह्या करण्यात गेला. आम्ही त्याची भरपूर चेष्टा केली. मग लॅबमध्ये गेला: नमुना वजन करा, विरळ करा, एचपीएलसी या तपासणीच्या यंत्राला लावा, ग्राफ येईपर्यंत थांबा. तिथली एक शिस्त त्याच्या अंगातच मुरली आहे. नोंदवहीत आकडा चुकला तर खोडरबर नाही, गिरवागिरवी नाही, व्हाइटनर तर महापाप. एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे अशी, शेजारी बरोबर आकडा, कारण, सही आणि तारीख. अमेरिकेला माल पाठवणाऱ्या कारखान्यात यूएसएफडीएची, म्हणजे तिथल्या औषध नियामकाची, तपासणी येते, तेव्हा असल्या नोंदी बारकाईने चाळल्या जातात. हल्ली तो घरच्या वाणसामानाच्या यादीतही तशीच रेघ मारतो.

पण त्याला औषध बनण्याची साखळी अख्खी दिसली. कच्चा माल स्टोअरमध्ये येतो तिथपासून ग्रॅन्युलेशन (भुकटीचे दाणे करणं), कॉम्प्रेशन (दाबून गोळी करणं), कोटिंग, पॅकिंग, सगळं एकाच आवारात. प्रॉडक्शनवाला आणि क्यूएवाला (गुणवत्तेची हमी बघणारा) सकाळी भांडायचे आणि दुपारी एकाच टेबलावर जेवायचे. सहा महिन्यांत एखादी बॅच का अडकली हे तो नीट समजावून सांगू लागला. कामाची समज हाच निकष धरला तर तो माझ्या पुढे गेला, हे मी मान्य करतो.

पुण्याच्या मैत्रिणीचं थोडक्यात सांगतो, कारण सांगण्यासारखं थोडंच आहे. आठवड्यातले तीन दिवस घरून काम. म्हणजे पुण्यात भाडं भरून पीजीच्या खाटेवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायचं, आणि परदेशी क्लायंटबरोबरचा कॉल रात्री. हेच साखळीला आईच्या हातचं हुमण (माशांची आमटी) खाऊन झालं असतं. पुण्याचं पत्र आलं तर घरून काम किती दिवस हे आधी विचारा.

पैशाचा हिशेब

इथे बहुतेक जण स्वतःची फसवणूक करतात. पत्रात स्टायपेंडचा आकडा बघून खूश होतात, खाटेचं भाडं विचारत नाहीत. मुंबईत घाटकोपर-अंधेरीकडे तिघांच्या खोलीत एका खाटेला मी असताना दहा-बारा हजार पडायचे, जेवण वेगळं. चार-पाच जण मिळून फ्लॅट घ्यायचा तर अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, डिपॉझिट आणि वर दलालाला साधारण महिन्याभराचं भाडं. माझा स्टायपेंड वीस हजारांच्या आसपास होता, तरी महिनाअखेरीला बाबांना फोन जायचाच. डोंबिवलीच्या आत्याकडे राहण्याचा पर्याय असतो, पण आत्या कितीही प्रेमळ असली तरी तो पाहुणचार दीड-दोन महिन्यांपुरताच गोड.

सरकारी योजनांतून जाणार असाल तर आकडे आणखी बोलके आहेत. अप्रेंटिस कायद्याच्या २०१९ च्या सुधारित नियमांत पदवीधराला महिना किमान ९,००० रुपये ठरले होते. पीएम इंटर्नशिप योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली ती महिना ५,००० आणि सुरुवातीला एकरकमी ६,००० देऊन. तिच्यात तेव्हा वयाची अट २१ ते २४ होती, आणि पूर्णवेळ शिकत असलेल्यांना प्रवेश नव्हता. एवढ्या पैशांत मुंबईत खाटही सुटत नाही. घरून वेर्ण्याला जाणाऱ्याचे मात्र यातूनही थोडे मागे पडतात. मावसभावाने वर्षाअखेरीस सेकंडहँड स्कूटर घेतली. मी घेतल्या दोन फॉर्मल पँट.

मी एक साधा नियम धरतो: भाडं, मेस आणि पास स्टायपेंडमधून भागत नसेल तर कमी पडणारी रक्कम ही त्या वर्षाची फी समजा, आणि एवढी फी देऊन हे शिकायचं का ते घरच्यांसमोर बसून ठरवा.

जाणं-येणं

घाटकोपरहून लोकलने कुर्ला, तिथून बीकेसीला शेअर रिक्षाची रांग. अंतर हसण्याइतकं, वेळ रडण्याइतका. पावसात कुर्ल्याला पाणी भरलं की तोही हिशेब कोलमडतो. पश्चिम उपनगरांकडून मेट्रो ३ ने आता बीकेसी सोपं झालं आहे, म्हणून खोली शोधताना मेट्रोचा नकाशा समोर ठेवा. हिंजवडीच्या ट्रॅफिकवर पुणेकर माझ्यापेक्षा चांगलं बोलतात.

वेर्ण्याला फोंड्याहून कंपनीची बस बोरी पुलावरून जाते, झोपत जायचं, झोपत यायचं. नवा झुआरी पूल २०२३ च्या अखेरीस दोन्ही बाजूंनी खुला झाल्यापासून पणजी-म्हापशाच्या मुलांचाही कुठ्ठाळीच्या वाहतूककोंडीचा जाच कमी झाला. पण स्टाफ बस चुकली किंवा सेकंड शिफ्ट लागली तर गोवा एकदम लांबलचक होतो. रात्री आठनंतर खासगी बस विरळ, ओला-उबर नाहीच. मुलींनी रात्रीच्या शिफ्टला कंपनी दारापर्यंत सोडते का हे लेखी विचारावं. या एका बाबतीत मुंबई निर्विवाद वरचढ आहे. तिथे रात्री उशिरापर्यंत लोकल असते आणि डब्यात माणसं असतात.

चवथीचं एक सांगायलाच हवं. आपल्याकडे घरात गणपतीच्या वर फळं-पानांची माटोळी बांधायला माणूस लागतो, मुंबईच्या ऑफिसात गणपतीची सुट्टी एक दिवस. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सकाळी आठला उघडतं आणि कोकणकन्या, मांडवी बघता बघता वेटिंगला जातात. ती तारीख जॉइन झाल्या दिवशीच मोबाईलमध्ये टाका. साखळीच्या मैत्रिणीला एवढा त्रास नव्हता, चोर्ला घाटातून येणारी बस तिला घराजवळ सोडायची. आणि हो, मुंबईत तुम्ही गोव्याचे हे कळलं की ऑफिसभर हॉटेल बुकिंगचा सल्लागार म्हणून तुमची बिनपगारी नेमणूक होते.

वर्ष संपल्यावर

मावसभावाला त्याच कंपनीने ठेवून घेतलं. माझ्या कंपनीत जागा नव्हती. पण माझ्याबरोबर जेवणारे दोघे वर्षभरात दुसऱ्या कंपन्यांत गेले होते, त्यांनीच बायोडेटा मागून घेतला आणि महिन्याभरात मला दोन मुलाखती मिळाल्या, दोन्ही चालत जाता येईल अशा इमारतींत. मुंबईत तुम्ही खरं तर या ओळखींचे पैसे मोजता. वेर्ण्यात नोकरी बदलता येते, पण मोजक्याच कारखान्यांत आणि सगळे एकमेकांना ओळखतात. ही ओळख कामी येते, आणि आडवीही येते.

म्हणून बीफार्म किंवा केमिस्ट्रीवाल्याने मुंबईच्या मुख्य कार्यालयाच्या चकचकीत पत्राला भुलू नये, वेर्णा घ्यावं. बीकॉमवाल्याला फायनान्समध्येच जायचं असेल आणि स्टायपेंडात खाट भागत असेल तर मुंबई. ज्याचं काहीच ठरलेलं नाही त्यानेही, घरी पैशाची ओढाताण नसेल तर, मुंबईलाच जावं. तिथे जेवणाच्या टेबलावर दहा तऱ्हेची कामं करणारी माणसं भेटतात, ती वेर्ण्याच्या कॅन्टीनमध्ये भेटणार नाहीत.

सही करण्याआधी एचआरला तीन गोष्टी विचारा. कुणाच्या हाताखाली बसणार, सुट्ट्या किती, आणि माझ्या आधीचा इंटर्न आता कुठे आहे. तिसऱ्याला गोलमोल उत्तर आलं तर तो इंटर्न लिंक्डइनवर शोधा आणि रविवारी मेसेज करा. मी दोघांना केले होते, दोघांनीही लांबलचक उत्तरं पाठवली.