वजा चाळीस डॉलर: शेव्हेलच्या रेडिएटरमागची फसवणूक

अमेरिकेतल्या फिनिक्सच्या उन्हाळ्यात पारा 110 अंश फॅरनहाइटवर गेला की 1969 ची शेव्हर्लेची शेव्हेल एसएस 396 तापणार, हे अशी मसल कार, म्हणजे दांडग्या इंजिनाची जुनी अमेरिकन गाडी, बाळगणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते आणि काही गॅरेजवाले नेमके त्यावरच जगतात. माझ्याकडून त्यापायी 3,505 डॉलर उकळले गेले.

हिशेब असा: एक इंची नळ्यांच्या दोन रांगा असलेला अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर 780, वॉटर पंप 165, आवरणासह दोन इलेक्ट्रिक पंखे 540, 140 अँपिअरचा अल्टरनेटर (गाडीसाठी वीज तयार करणारे यंत्र) 310 आणि मजुरी 1,750. यातून जुन्या पितळी रेडिएटरच्या भंगाराचे 40 डॉलर गॅरेजमालकाने मी न मागताच वजा केले. माझा घात त्या चाळीस डॉलरांनी केला. भंगाराचा हिशेब चोख देणाऱ्या माणसावर कोण संशय घेईल? रेडिएटर काळा का रंगवला, हे मी विचारले होते; जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनातील परीक्षकांना मूळ रूप आवडते, हे त्याचे उत्तर खोटे वाटण्यासारखे नव्हते, कारण अ‍ॅल्युमिनियमचे रेडिएटर तसे काळे करून खरोखरच विकले जातात. जुने भाग मात्र स्वतःच्या डिकीत घालून आणा, भंगाराचे पैसे नकोत म्हणून सांगा.

गाडी ताब्यात घेताना पंखे सुरू झाले आणि हेडलाइट मंदावले. हा क्षण अजून डोक्यातून जात नाही. असे दोन पंखे मिळून तीसेक अँपिअर सहज ओढतात. माझ्या जुन्या 37 अँपिअरच्या अल्टरनेटरला ते झेपणारे नव्हतेच, पण 140 च्या अल्टरनेटरपुढे त्यांची काय मातब्बरी? ‘नवा रिले आहे, बसेल हळूहळू,’ असे तो पंख्यांची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचबद्दल म्हणाला. रिले काही बसत वगैरे नसतो, हे मला आज ठामपणे म्हणता येते. तेव्हा समोर तीस वर्षे हेच काम केल्याचे सांगणारा माणूस उभा होता. आगाऊ 1,800 दिलेच होते, उरलेले 1,705 मी थेट बँकेतून वळते केले. अशा कामाचे पैसे क्रेडिट कार्डानेच द्यावेत, म्हणजे निदान आक्षेप तरी नोंदवता येतो.

पुढे महामार्गावर ताशी 65 मैलांच्या वेगात तापमानाचा काटा 230 अंश फॅरनहाइटवर चढला. सिग्नलवर तापणाऱ्या गाडीचा पंखा आणि त्याचे आवरण तपासावे. पण वेगात वारा आपसूक मिळत असताना ती तापते, तेव्हा पहिला संशय रेडिएटरवर घ्यावा. दुसऱ्या मेकॅनिकने रेडिएटरच्या टाकीच्या तळाचा रंग खरवडला, तर खाली पिवळे पितळ आणि डाग दिलेले जुने सांधे! ज्याच्या भंगाराचे पैसे मला मिळाले, तो रेडिएटर गाडीतच होता. अल्टरनेटरही घासूनपुसून तोच बसवलेला. बिलावर सुट्या भागांचे क्रमांक नसतील तर सही करू नका.

पोलिसांनी प्रकरण दिवाणी ठरवून हात झटकले. बँकेच्या मते व्यवहार मी स्वतः मंजूर केला असल्यामुळे तो फिरवता येत नाही. ग्राहक तक्रारींच्या सरकारी कार्यालयाने अर्ज, बिले, खरवडलेल्या टाकीची छायाचित्रे आणि दुसऱ्या मेकॅनिकचे लेखी निवेदन हे सारे मागवून घेतले, अनेक आठवडे त्यावर बसून राहिले आणि शेवटी गॅरेजचे उत्तर जसेच्या तसे मला पाठवून तक्रार बंद केली. काम ग्राहकाच्या संमतीने पूर्ण झाले असून भंगाराची रक्कमही ग्राहकाला देण्यात आली आहे, एवढेच त्या उत्तरात होते.