महापे एमआयडीसीतलं फ्लँजचं दुकान: नोझलचा माल घेण्याआधी

प्रेशर व्हेसलच्या (दाबाखालच्या टाकीच्या) नोझलला, म्हणजे पाइप जोडायच्या तोंडाला, लागणारं सगळं महापेच्या या गाळ्यात एकाच ठिकाणी मिळतं. अर्धा ते चोवीस इंच फ्लँज (बोल्टने जोडायच्या चकत्या), नेकसाठी, म्हणजे नोझलच्या नळीसाठी, सीमलेस पाइप, स्टड-नट, गॅस्केट (दोन फ्लँजमधलं सील), भोकाभोवती मजबुतीला लावायचे कापून दिलेले पॅड. पण या दुकानाची खरी किंमत वेगळीच आहे. काउंटरवर "चार इंच दीडशे द्या" (चार इंची, क्लास १५० म्हणजे दाबाच्या १५० श्रेणीचा फ्लँज) म्हटलं की समोरचा माणूस आधी तापमान विचारतो, मग मटेरियल, मग नेकचं शेड्युल (पाइपच्या जाडीचा क्रमांक). ठाणे-बेलापूर पट्ट्यात इतकं विचारून माल देणारे थोडेच.

तापमानाचा प्रश्न उगाच नाही. बी१६.५ या फ्लँजच्या अमेरिकन मानकानुसार एसए १०५ (कार्बन स्टील) चा क्लास १५० फ्लँज ३८ अंश सेल्सिअसपर्यंत १९.६ बार घेतो, २०० अंशांना १३.८ आणि ३०० अंशांना फक्त १०.२. डिझाइन १५ बार आणि २०० अंश असेल तर दीडशे बाद; तीनशेच लावावा लागतो, तो त्या तापमानाला ४३.८ बार घेतो. ३१६एल या स्टेनलेस स्टीलमध्ये (एसएस) तर आणखी कमी: ३८ अंशांना १५.९, २०० ला ११.२ बार. 'एसएस आहे म्हणजे जास्त दणकट' हा समज इथेच अंगाशी येतो. ३१६/३१६एल असा दुहेरी शिक्का असलेला माल सांगून ठेवला तर इथे मिळतो, आणि त्याला ३१६ चं रेटिंग धरता येतं, म्हणजे २०० अंशांना १३.७ बार.

आता बोअर, म्हणजे फ्लँजचं आतलं भोक. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. वेल्ड नेक (पाइपच्या टोकाला टोक वेल्ड होणाऱ्या) फ्लँजचं बोअर नेकच्या पाइपशी जुळलंच पाहिजे. चार इंची शेड्युल ४० चा आतला व्यास १०२.३ मिमी, शेड्युल ८० चा ९७.२. म्हणजे न जुळणारा फ्लँज लावला की आत चहूबाजूंनी अडीच मिमीची पायरी. फिट-अप (जुळणी) होतो, पण रूट पास (वेल्डचा पहिला थर) एका बाजूला चढतो आणि रेडिओग्राफीत (एक्स-रे तपासणीत) जॉइंट नापास होतो. दुकानात तयार माल बहुतेक शेड्युल ४० चा; ८० साठी दोन-तीन दिवस थांबायला सांगतात. थांबा. लहान बोअर मोठं करून मिळतं, मोठं लहान होत नाही.

साइझ मात्र घरून ठरवूनच जा. ताशी १० घनमीटर पाणी दोन इंची शेड्युल ८० मधून साधारण १.५ मीटर प्रतिसेकंद वेगाने जातं; पंपाच्या डिस्चार्जला ठीक. तेच पाणी पंपाच्या सक्शनला किंवा नुसत्या उताराने जायचं असेल तर तीन इंच घ्या, वेग ०.६५ वर येतो. साइझ वाढली की भोक वाढतं, आणि त्याचा हिशेब शेलच्या (व्हेसलच्या भिंतीच्या) जाडीशी आहे. एएसएमई या अमेरिकन संस्थेच्या प्रेशर व्हेसल कोडच्या सेक्शन आठ, डिव्हिजन एकमध्ये, दाबात झपाट्याने चढउतार नसतील तर १० मिमीपर्यंतच्या शेलला ८९ मिमीपर्यंतचं भोक वेगळ्या रीइन्फोर्समेंटशिवाय (मजबुतीशिवाय) चालतं. शेल त्याहून जाड असेल तर ६० मिमीपर्यंत. चार इंची नोझल या सवलतीत बसत नाही. त्याचं एरिया कॅल्क्युलेशन (भोकामुळे गेलेल्या धातूची भरपाई होते का, हा हिशेब) करावंच लागतं आणि बऱ्याचदा पॅड येतो.

पॅड इथे शेलच्या गोलाईला वाकवून, पाव इंची टॅप केलेल्या वीप होलसह (हवा भरून गळती तपासायच्या छिद्रासह) मिळतो. काम सुबक आहे. पॅड दोन तुकड्यांत घेतलात तर होल दोन्ही तुकड्यांना आहे का ते पाहा. एका तुकड्याला नसलं की त्या भागाची एअर टेस्ट करता येत नाही.

तक्रारीची जागा म्हणजे फेसिंग. फ्लँज एकावर एक रचून ठेवतात, मध्ये काही नाही. रेज्ड फेसवर (गॅस्केट बसतं त्या उंचावलेल्या भागावर) बारीक गोल खाचा असतात, ३.२ ते ६.३ मायक्रॉन फिनिशच्या. त्यांना आडवा, आतून बाहेर जाणारा ओरखडा गेला की गॅस्केट कितीही चांगलं असो, हायड्रोला (पाणी भरून केलेल्या दाबचाचणीला) तिथूनच पाझरतं. फ्लँज उजेडाकडे तिरपा धरा, नखाला ओरखडा लागतो का बघा, लागला तर बदलून मागा. कुरकुर न करता बदलून देतात. प्लास्टिकचं झाकण मात्र मागितल्याशिवाय लावत नाहीत, हे सुधारायला हवं.

जुन्या युरोपियन मशिनरीला जोडायचं असेल तर पीसीडी (बोल्टच्या होलांच्या वर्तुळाचा व्यास) मोजूनच घ्या. चार इंची क्लास १५० ची १९०.५ मिमी, पीएन १६ (युरोपियन श्रेणी) ची १८०. दोन्हींना आठ-आठ होल, त्यामुळे नजरेने फसायला होतं.

टेस्ट सर्टिफिकेट 'नंतर मेल करतो' म्हणतात. ऐकू नका. फ्लँजच्या कडेवरचा हीट नंबर (धातूच्या ओतणीचा क्रमांक) सर्टिफिकेटशी तिथेच जुळवा, मगच माल टेम्पोत चढवा. इन्स्पेक्टर तो नंबरच आधी बघतो, आणि तो जुळला नाही तर वेल्ड केलेला नोझल कापावा लागतो.