४३ व्या वर्षी नर्सिंग आणि माझा पहिला स्टेथो: सहा महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

आधीच सांगते, हा रिव्ह्यू १८ वर्षं अकाउंट्समध्ये काढून मग नर्सिंगला अ‍ॅडमिशन घेतलेल्या बाईचा आहे, त्यामुळे कान, डोळे आणि मान या तिन्हींच्या तक्रारी मधेमधे येणारच. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण मला जे सांगायचंय ते दोन बाजूंचं डोकं (पेशंटवर टेकवायची चकती) आणि एक नळी असलेल्या कुठल्याही मधल्या रेंजच्या स्टेथोला लागू होईल.

तर पहिले दोन दिवस मला काहीच ऐकू आलं नाही. म्हणजे अक्षरशः काहीच नाही. स्किल लॅबमधली माझी पार्टनर १९ वर्षांची, ती बीपीचा पट्टा (कफ) दंडाला बांधून हवा सोडता सोडता फटकन सांगायची "ताई, ११८ बाय ७६", आणि मी तोच हात धरून बसले की काटा शून्यावर यायचा तरी सगळी शांतता. दोन दिवस मी सरळ तिचेच आकडे माझ्या वहीत लिहिले (हो लिहिले, जुन्या ऑफिसात असं केलं असतं तर त्याच दिवशी घरी पाठवलं असतं). मनात ठरवूनच टाकलं होतं की कान गेले, आपण १५ वर्षं उशिरा आलो, आता फी परत मिळते का बघू.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी, ज्या माझ्याहून ९ वर्षांनी लहान आहेत, काही न बोलता स्टेथो माझ्या कानातून काढला, उलटा फिरवला आणि परत घातला. कानातल्या दांड्या पुढे, नाकाच्या बाजूला झुकलेल्या पाहिजेत, आतली कानाची वाटच तशी आहे. मी उलटा घालत होते म्हणजे आवाज कानाच्या भिंतीवर आपटत होता. वर डोकंही चुकीचं फिरवलेलं! दोन बाजू असल्या तरी एका वेळी एकच चालू असते, टक् होईपर्यंत वळवावं लागतं, आणि माझी लहान बाजू चालू, मोठी हातावर टेकवलेली. आता दर वेळी आधी चकतीच्या पडद्यावर बोटाने हलकं टकटक करून बघते, आवाज आला की मगच पेशंटकडे वळते.

आणि कानांचं म्हणाल तर वयाने आधी जातात ते बारीक, किनरे आवाज, साधारण २००० हर्ट्झच्या वरचे. हार्टचे आणि बीपीचे आवाज सगळे खर्जातले, बहुतेक ५०० हर्ट्झच्याही खाली. म्हणजे चाळिशीतल्या नॉर्मल कानाला त्यात काही अडचण नाही, उगीच रडले मी दोन रात्री.

खरा घोटाळा डोळ्यांचा आहे, आणि तो कोणी सांगत नाही. कफमधली हवा सोडायची सेकंदाला २ ते ३ मिलिमीटर (बीपी याच मापात मोजतात) या वेगाने, डायलवरची एकेक रेघ २ ची, म्हणजे सेकंदाला साधारण एक रेघ सरकते, आणि पहिला ठोका कुठे आला, शेवटचा कुठे गायब झाला हे त्याच वेळी वाचायचं. माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह, म्हणजे जवळचं काचेच्या खालच्या भागातूनच दिसतं. हनुवटी वर केली तरच आकडे दिसतात आणि हनुवटी वर केली की नळी ताणली जाऊन डोकं हातावरून सुटतं. शेवटी डायल डोळ्यांसमोर येईल अशी अडकवायला लागले आणि लॅबसाठी साधा वाचायचा चष्मा वेगळा केला. शिवाय आधी मनगटाची नाडी चाचपत हवा भरायची, ती कुठल्या आकड्यावर बंद होते ते बघून ठेवायचं आणि मग ऐकताना त्याच्या ३० वर हवा भरायची, म्हणजे पहिला ठोका साधारण कुठे येणार याचा अंदाज असतो, धावपळ होत नाही.

बाकी क्वालिटी चांगली आहे. कानातली मऊ बोंडं दोन साइझची मिळतात, लहान लावा. कव्हर फालतू. नळी मात्र उघड्या मानेवर ठेवू नका, घामाने आणि तेलाने ती कडक होत जाते, कॉलरवरून घ्या. पुसायला अल्कोहोल वाइप, पाण्यात बुडवायचं नाही. माझ्या गळ्यात स्टेथो, चष्म्याची दोरी आणि आयकार्ड अशा तीन माळा असतात, एकदा खाली वाकले तर तिन्ही पेशंटच्या सलाइनच्या नळीत गुंतल्या.

अजून एक साइड इफेक्ट. वॉर्डात पेशंटना मी सीनियर वाटते. परवा एका आजोबांचे ठोके स्टेथोने पूर्ण एक मिनिट मोजत होते, लय वेडीवाकडी होती म्हणून परत मोजले, मनगटावर त्यापेक्षा कमी भरले, तर मी स्टाफ सिस्टरना बोलवायला निघाले आणि आजोबा म्हणतात "त्या पोरीला कशाला, तुम्हीच सांगा ना." ती पोरगी ६ वर्षं वॉर्ड सांभाळतेय. मी पहिल्या वर्षाला आहे म्हटलं तर हसायलाच लागले.

५ पैकी ४. एक स्टार कापला कारण दांड्यांची दिशा कुठे लिहिलीय का म्हणून नंतर बॉक्समधला कागद काढून बघितला. लिहिलीय. चित्रासकट आहे. पण इतक्या बारीक अक्षरात की चष्मा शोधून आणावा लागला.