शेवट माहीत असलेल्या थरारकथा: सहा महिन्यांनंतरचा अनुभव

थरारक कादंबरीबद्दल वाचून झाल्या झाल्या काही लिहायचं नाही, असं या वेळी ठरवलं होतं. रात्री दोन वाजता शेवटचं पान मिटल्यावर माणूस कुठल्याही पुस्तकाला पाच तारे देऊन मोकळा होतो. म्हणून गेल्या सहा महिन्यांत वाचलेल्या दहा-बारा कादंबऱ्यांची यादी समोर घेतली आणि नुसतं आठवायला बसलो. चार पुस्तकांत तर खलनायक कोण होता तेच आठवेना! ही चारही नवी, भरपूर खपलेली. दोन-अडीच पानांचं प्रकरण, प्रत्येकाच्या शेवटी कुणीतरी दार उघडतं आणि थिजतं. पुढच्या प्रकरणात कळतं की दारात मांजर होतं. नावं घेत नाही. वाचताना मीही हावरटासारखी पानं उलटलीच होती.

डोक्यात ठाण मांडून बसलं ते फ्रेडरिक फोर्साइथचं 'द डे ऑफ द जॅकल'. पुस्तक १९७१चं. विषय, १९६३ साली फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना मारण्याची सुपारी. आता द गॉल १९७० साली आपल्या घरी वारले, हे पहिल्या वाचकालाही ठाऊक होतं. म्हणजे मारेकरी हरणार हे मुखपृष्ठ बघतानाच फुटलेलं. तरीही पुस्तक खाली ठेववत नाही. का, ते मला दुसऱ्या वाचनात उमगलं. आपण 'मारेल का' याची वाट बघतच नसतो, हा गडी पुढची पायरी कशी चढतो ते बघत असतो. लहानपणीच वारलेल्या, आज हयात असता तर साधारण आपल्याच वयाचा असता अशा मुलाचं नाव तो थडग्यावरून शोधतो, त्याचा जन्मदाखला मिळवतो आणि त्यावर पासपोर्ट काढतो. सगळं इतक्या शांतपणे, जणू रेशनकार्डात नाव घालतोय. बंदूक बनवणाऱ्या कारागिराशी त्याचं बोलणं एखाद्या गिऱ्हाइकानं शिंप्याला माप द्यावं तसं चालतं.

त्यात सुरुवातीचा भाग खरा. अल्जेरियाला स्वातंत्र्य दिल्याच्या रागातून ओएएस या फ्रेंच संघटनेच्या लोकांनी ऑगस्ट १९६२मध्ये द गॉल यांच्या गाडीवर गोळीबार केला होता आणि त्या कटाच्या सूत्रधाराला मार्च १९६३मध्ये गोळ्या घालून देहदंड दिला गेला. लेखक स्वतः त्या काळात पॅरिसमध्ये बातमीदार होता. खरं कुठं संपतं आणि रचलेलं कुठं सुरू होतं, तो सांधा सापडत नाही. तक्रारीही आहेत. मंत्र्याअधिकाऱ्यांच्या बैठका मधे फार लांबतात, आणि यातल्या बायका कथानकाला हव्या तेव्हा येतात, नको झाल्या की जातात. पण लबेल हा बायकोच्या धाकातला, साधासुधा पोलीस अधिकारी मला जॅकलपेक्षा, म्हणजे त्या मारेकऱ्यापेक्षा, जास्त आवडला.

शेवट माहीत असूनही खिळवून ठेवण्याची हीच युक्ती केन फॉलेटच्या 'आय ऑफ द नीडल'मध्ये (१९७८) आहे. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रं फ्रान्समधल्या कॅलेला उतरणार असं जर्मनांना भासवण्यासाठी इंग्लंडमध्ये खोटं सैन्य उभं केलं होतं, हा इतिहास. कादंबरीतल्या जर्मन हेराला तो बनाव कळतो, आणि ते हिटलरपर्यंत पोचायच्या आत त्याला अडवायचं असतं. ६ जून १९४४ला दोस्तांचं सैन्य कॅलेला नाही, नॉर्मंडीला उतरलं हे आपल्याला माहीत आहेच. तरी शेवटची शंभरेक पानं, वादळातलं ते बेट आणि एकटी पडलेली ल्यूसी, यांनी मला जेवायला उठू दिलं नाही. मधला प्रेमाचा भाग मात्र थोडा घाईत उरकलाय.

अ‍ॅलिस्टर मॅक्लीनचं 'द गन्स ऑफ नॅव्हरोन' (१९५७) साहसकथा म्हणून उत्तम. बेट काल्पनिक, तोफाही काल्पनिक, पण रात्रीच्या पावसातला तो कडा चढताना बोटं आपलीच सोलवटतात. त्याहून लक्षात राहिला तरुण स्टीव्हन्स. त्याला शत्रूपेक्षा भीती वाटते ती स्वतःच्या भीतीची, ती चारचौघांत उघडी पडण्याची. संवाद अधूनमधून फार नाटकी होतात, तेवढं सोसावं लागतं.

एच. रायडर हॅगार्डचं 'किंग सॉलोमन्स माइन्स' (१८८५) मी जरा चिकाटीनंच संपवलं. हत्ती मारण्याची वर्णनं आज वाचवत नाहीत, आणि आफ्रिकेतल्या लोकांकडे बघण्याची नजर साहेबाचीच आहे. गगूल ही म्हातारी मात्र जबरदस्त. ती आली की पान जिवंत होतं. एक गंमत सांगतो. यातले गोरे प्रवासी ग्रहणाचं भाकीत करून लोकांवर छाप पाडतात. पहिल्या आवृत्तीत ते सूर्यग्रहण होतं आणि तेही पौर्णिमेला लागून! सूर्यग्रहण अमावास्येशिवाय होत नाही, हे लेखकाच्या नंतर लक्षात आलं असावं, कारण पुढच्या आवृत्त्यांत त्याचं चंद्रग्रहण झालं. माझ्या प्रतीत चंद्रग्रहण आहे. तुमच्या हाती जुनी प्रत पडली, तर आधी ते प्रकरण उघडून बघा.