मांजराला गोळी द्यायची पिल गन: घ्या, पण पाकिटावरच्या हसऱ्या मांजरावर विश्वास ठेवू नका

आधी निकाल सांगून टाकते म्हणजे घाईवाल्यांची सुटका. ५ पैकी ३ स्टार. घ्या, पण ही घरात आली की मांजर शहाण्या मुलासारखं तोंड उघडून बसेल अशी अपेक्षा असेल तर ती आत्ताच सोडा. ही वस्तू तुमची बोटं वाचवते, बस. मांजर धरायचं काम तुमचंच राहतं आणि खरी मारामारी तिथेच आहे.

ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी, पिल गन म्हणजे प्लॅस्टिकची बारीक नळी, वीतभर पण नाही, मागे इंजेक्शनला असतो तसा दाबायचा दांडा आणि पुढे मऊ रबराचं टोक. टोकाला चीर असते, त्यात गोळी खोचायची, टोक मांजराच्या जिभेच्या पार मागे न्यायचं, दांडा दाबायचा, गोळी घशात. मी १८० रुपयांना घेतली, सोबत एक जास्तीचं टोक आलं. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाहीये कारण तोच माल पाच-सहा नावांनी विकायला आहे, फक्त रंग निळा नाहीतर हिरवा. माहितीचा कागद आत होता पण अक्षरं इतकी बारीक की माझ्या चष्म्याच्या नंबराचीच परीक्षा.

पेशंट कोण ते पण सांगते. भोपळ्या, केशरी देशी बोका, नेरूळला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून एका पावसाळ्यात जिन्याने वर आला तो परत खाली गेलाच नाही. आता सहा किलोच्या आसपास. स्वभावाने गरीब, पाहुण्यांच्या मांडीवर बसतो, पण गोळीच्या स्ट्रिपचा चुर्रर्र आवाज झाला रे झाला की बेडखाली पार भिंतीला चिकटून, तिथे झाडूचा दांडापण पोचत नाही. (म्हणून आता स्ट्रिप त्याच्यासमोर फोडतच नाही, गोळी आधीच काढून छोट्या डबीत ठेवायची.) शिंका, नाक चोंदलेलं, डोळ्यांना चिपडं असं झालं म्हणून डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक दिलं. मांजरांच्या सर्दीत हे औषध नेहमी देतात त्यामुळे तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी येऊन गेलं असेल. मेडिकलवाल्या दादाने बिलावर लिहायला पेशंटचं नाव विचारलं, मी भोपळ्या म्हटलं, त्याने मान वर न करता आडनाव विचारलं.

डॉक्टरांनी निघताना दोन गोष्टी बजावून सांगितल्या आणि सगळा रिव्ह्यू खरं तर त्या दोन गोष्टींभोवतीच आहे. एक, ही गोळी दूध, दही, चीज याच्यासोबत द्यायची नाही, कॅल्शियमला चिकटते आणि अंगी नीट लागत नाही. दोन, कोरडी गोळी कधीच नाही, मागून ५-६ मिली पाणी गेलंच पाहिजे. मांजर गोळी गिळल्यासारखं दाखवतं पण कोरडी गोळी अन्ननलिकेत मध्येच चिकटून बसू शकते, आणि डॉक्सिसायक्लिन तर तिथे चिकटलं की आतून अक्षरशः भाजतं, जखम होते, मग ती भरताना नळी आखडते आणि मांजराला साधं खाणंही गिळता येत नाही. क्लिंडामायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकचंही असंच आहे. हे ऐकल्यावर मी तिथेच दोन ५ मिलीच्या सिरिंज मागून घेतल्या, सुई काढून.

आता घरी सासूबाई. "अगं दुधात कुस्करून घाल ना, पिऊन टाकेल, कशाला त्या मुक्या जिवाचे हाल." म्हटलं, "आई, हे औषध दुधाबरोबर चालत नाही." तर म्हणे "मग त्याला सांग तसं." त्यांचा पुढचा उपाय मात्र रास्त होता, मासळी. सारसोळेहून टोपली घेऊन येणारी मावशी मांदेली देऊन गेली होती, उकडून काटे काढून त्याचा लगदा केला, मध्ये पाव गोळी लपवली, छोटासा गोळा. भोपळ्याने खाल्लं हो सगळं. मनापासून. मग ताटलीच्या कडेला बघितलं तर पाव गोळी तशीच, चाटून चाटून स्वच्छ, माशाचा कण नाही तिच्यावर, जणू धुऊन ठेवली. मांजराचं नाक आपल्याला फसवता येत नाही, शिवाय नाक चोंदलेलं असतानाची ही गत.

ट्यूबमधल्या क्रीमी ट्रीटचा पर्याय बरेच जण सांगतात आणि तो खरंच चांगला आहे, काही गोळ्यांसाठी. मी-ओ ची १५ ग्रॅमची किंवा शीबा मेल्टीची १२ ग्रॅमची ट्यूब येते, चार-चारच्या पॅकमध्ये, नेरूळ-सीवूड्सच्या कुठल्याही पेट शॉपला मिळते. युक्ती अशी की आधी बिनगोळीची एक चाट, मग गोळीवाली, आणि ती गिळायच्या आत तिसरी चाट नाकासमोर, म्हणजे पुढच्या घासाच्या घाईत मधला जातो. घटक मात्र वाचून घ्या, दूध-चीज असलेली डॉक्सिसायक्लिनसोबत नको, साधी ट्यूनावाली बघा. आणि कडू गोळी असेल तर हा प्रकार विसरा. मेट्रोनिडाझोल (जुलाबात देतात ते औषध) जिभेला नुसतं टेकलं तरी तोंडातून फेस, लाळेच्या तारा जमिनीपर्यंत, मांजर डोकं झटकत घरभर, पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं विषबाधा झाली. तसं काही नसतं, फक्त चव. पण त्या फेसाबरोबर औषध बाहेर जातं ते जातंच, आणि वर ती आवडती ट्रीट पण त्याच्या नजरेतून उतरते कायमची. म्हणून कडू औषध आवडत्या खाण्यात घालायचंच नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

तर अशा ठिकाणी पिल गन कामाला येते. बोटाने द्यायला गेलं तर गोळी जिभेच्या मध्यावरच राहते, तिथून मांजर ती बरोबर पुढे ढकलतं, शिवाय सुळे तुमच्या बोटाच्या दोन्ही बाजूंना. गनचं टोक जिभेचा जो मागचा उंचवटा असतो त्याच्या पलीकडे पोचतं, तिथे पडलेली गोळी बाहेर काढणं त्याला जमत नाही, गिळावीच लागते. कडू गोळी जिभेला फार लागतही नाही. तीन स्टार याचेच.

पद्धत मात्र कागदावर लिहिलीय तशी "तोंड उघडा आणि सोडा" नाही. आमच्याकडे बसलेली पद्धत सांगते. जागा वॉशिंग मशीनच्या वर, खाली जुनं पायपुसणं म्हणजे पाय घसरत नाहीत (ओट्यावर नाही, सासूबाई घराबाहेर काढतील दोघांना). नखं आदल्या दिवशी कापलेली. अंघोळीचा जाड टॉवेल, पंचा नको, पंचातून नखं आरपार येतात. टॉवेल पाठीवरून टाकून मानेपाशी घट्ट, पुढचे पाय आत, फक्त डोकं बाहेर. नवरा मागून धरतो, म्हणजे मांजराची पाठ त्याच्या पोटाला, कारण मांजर नेहमी मागे सरकून सुटतं, पुढे नाही. मी डाव्या हाताचा अंगठा आणि मधलं बोट त्याच्या गालाच्या हाडांवर ठेवून डोकं वर करते, नाक छताकडे झालं की खालचा जबडा आपोआप थोडा ढिला पडतो. उजव्या हातात गन, त्याच हाताच्या एका बोटाने खालचे पुढचे बारीक दात हलकेच खाली, गनचं टोक थोडं बाजूने आत, दांडा दाबायचा, लगेच बाहेर. तोंड मिटून धरायचं, डोकं खाली आणायचं, गळ्यावरून बोट फिरवायचं किंवा नाकावर हलकी फुंकर. जीभ बाहेर येऊन नाक चाटलं की समजायचं गेली. हे सगळं वाचायला जितका वेळ लागला त्याच्या निम्म्यात झालं पाहिजे, रेंगाळलात की संपलं.

मग पाणी. सिरिंज तोंडाच्या कोपऱ्यातून, गालाच्या पिशवीत, सुळ्याच्या मागे, आणि थोडं थोडं, त्याला गिळायला वेळ देत. इथे डोकं वर करायचं नाही आणि सरळ घशात पिचकारी मारायची नाही, पाणी फुफ्फुसात गेलं तर वेगळंच दुखणं. पाणी झालं की क्रीमी ट्रीट, बक्षीस पण आणि गोळी खाली सरकायला मदत पण.

आता दोन स्टार कुठे कापले ते. सगळ्यात मोठी तक्रार रबराच्या टोकाची. ते नळीवर नुसतं चढवलेलं असतं, आटे वगैरे काही नाही, गरम पाण्याने धुवून धुवून सैल पडतं. भोपळ्याने एकदा करकचून चावलं तर टोक अर्धं उतरलं होतं, थोडं पुढे असतं तर गोळीऐवजी रबर पोटात. म्हणून प्रत्येक वेळी वापरायच्या आधी ओढून बघा, सैल वाटलं तर फेकून द्या, वाचवत बसू नका. दुसरं, चिरेची पकड. अख्खी लहान गोळी छान बसते पण मांजराला बहुतेक वेळा पाव किंवा अर्धीच असते, कारण माणसांच्या ताकदीची गोळी तोडून द्यायची असते, आणि तो तुकडा गन उलटी झाली की टपकन खाली. टोकाला आतून पाण्याचा एक थेंब लावला तर थोडा धरून राहतो. तिसरं, गोळीची पूड दांड्याच्या खाचेत साचते आणि पुढच्या वेळी दांडा अडकत अडकत जातो, नेमका ज्या क्षणी झटकन जायला हवा तेव्हा. नळीवरचे मिलीचे आकडे तर पहिल्या धुण्यातच पुसले गेले, पण त्यांचा उपयोगही नव्हता, यातून द्रव औषध द्यायच्या फंदात पडू नका, साधी सिरिंज शंभर पटीने बरी.

पाव तुकड्यांचा आणि कडू चवीचा एकत्र इलाज म्हणजे रिकाम्या जिलेटिन कॅप्सूल. ऑनलाइन मिळतात, नंबर जितका मोठा तितकी कॅप्सूल लहान, मांजरासाठी ४ किंवा ५ नंबर बघा. तुकडा आत टाकायचा, टोपण लावायचं, गनमध्ये कॅप्सूल घट्ट बसते आणि चव लागायचा प्रश्नच नाही. दोन वेगवेगळ्या गोळ्या असतील तर एकाच कॅप्सूलमध्ये घालता येतील का ते डॉक्टरांना विचारा. पण कॅप्सूल ओली झाली की चिकट होते त्यामुळे मागचं पाणी इथे अजूनच महत्त्वाचं. आणि कुठली गोळी तोडायची, कुठली नाही, हे पण विचारूनच, काहींवरचा लेप मुद्दाम असतो.

विषय निघालाच आहे तर एक सांगून ठेवते, कारण अशा वस्तू घरात आल्या की लोकांचा आत्मविश्वास वाढतो. मांजराला ताप वाटला म्हणून आपली क्रोसिन कधीही द्यायची नाही, पाव पण नाही. पॅरासिटामॉल मांजराच्या लिव्हरला पचवताच येत नाही, एका गोळीत जीव जाऊ शकतो. आयब्युप्रोफेनही नाही. गन असो नसो.

घ्यावी कोणी? ज्यांच्या मांजराला रोजची गोळी आहे, थायरॉइड, बीपी, किडनीवाली म्हातारी मांजरं, किंवा ज्यांच्याकडे कडू गोळीचा कोर्स आहे, त्यांनी डोळे झाकून घ्या. फक्त तीन महिन्यांनी एकदा जंताची गोळी एवढंच असेल तर डॉक्टरकडे लसीला जाल तेव्हा तिथेच देऊन घ्या, त्यांच्या हातात मांजर गाय होतं. आणि घरात एकटे असाल, मांजर चावरं असेल, तर गनपेक्षा आधी डॉक्टरांना विचारा की हेच औषध सिरपमध्ये किंवा इंजेक्शनमध्ये आहे का. बऱ्याचदा असतं, आपण विचारत नाही. इथे घरी येऊन गोळी देणारे पण आहेत, मी चौकशी केली होती, पण दर फेरीचे पैसे आणि दिवसातून दोनदा म्हटल्यावर भोपळ्याच्या सर्दीला माझ्यापेक्षा जास्त पगार पडला असता.

नवऱ्याचं मत वेगळं आहे, तो म्हणतो गनची गरजच नव्हती, टॉवेल आणि पाण्यानेच काम झालं. त्याला म्हटलं उद्यापासून तू बोट घाल, मी मागून धरते. त्यावर अजून उत्तर आलेलं नाही.

घ्याल तेव्हा शक्यतो दुकानात जाऊन हातात धरून घ्या, टोक ओढून बघता येतं. दोन टोकांचा पॅकच मागा, सुटी टोकं मी सीवूड्स आणि वाशी दोन्हीकडे विचारली, कोणी ठेवत नाही, नवीन अख्खी घ्या म्हणतात.