इंडियाना शालेय बास्केटबॉल: एकच गट की चार गट?

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात 1911 ते 1997 हायस्कूल मुलांची स्पर्धा एकाच गटात व्हायची. पटसंख्या कितीही असो, सगळ्यांना एकच चषक. 1954 मध्ये मायलन या छोट्या शाळेने, पटावर जेमतेम 161 मुलं, दहापटीने मोठ्या मन्सी सेंट्रलला 32-30 हरवलं. तेव्हा शॉट क्लॉक (ठरावीक सेकंदांत बास्केटकडे चेंडू टाकायला लावणारं घड्याळ) नव्हतं, म्हणून मायलनच्या बॉबी प्लंपने चौथ्या क्वार्टरमध्ये चार मिनिटांहून जास्त वेळ चेंडू हातात धरून ठेवला, तोही आपण दोन गुणांनी मागे असताना! मोठ्या संघाची ताकद खेळू न देणं, हेच छोट्या शाळेचं खरं हत्यार होतं.

1997-98 पासून चार गट झाले. सुरुवातीला पटसंख्येनुसार शाळांची क्रमवारी लावून साधारण चार समान भाग करत. 1ए सर्वांत लहान, 4ए सर्वांत मोठा. फायदा उघड आहे: वर्षाला चार विजेते, छोट्या शाळेला आपल्या आकाराचे प्रतिस्पर्धी. अडचण पहिल्या फेरीत येते. पूर्वी या फेरीत, म्हणजे ‘सेक्शनल’मध्ये, शेजारच्या गावाशी सामना आणि तुडुंब भरलेली जिम. आता शेजारी वेगळ्या गटात, आणि आपल्या गटातली शाळा लांब, त्यामुळे प्रवास वाढतो, प्रेक्षक घटतात.

छोट्या शाळांच्या आपसातल्या लीगही मोडल्या, पण त्याला गट कारणीभूत नाहीत. 1959 च्या शाळा पुनर्रचना कायद्यानंतर कित्येक गावशाळा एकत्र झाल्या आणि लीगमधले संघच संपले.

चुरशीसाठी जुनी पद्धत सरस. पण 150 मुलांच्या शाळेला दरवर्षी खरी संधी हवी, तर चार गटच बरे.