टेकन ८ मधला टेकन बॉल: बरेच महिने खेळल्यावरचा अनुभव

सुरुवातीलाच सांगतो, घरात खेळणारी दोन-चार माणसं असतील आणि त्यातली निम्मी फायटिंग गेमच्या नावानंच पळत असतील, तर टेकन ८ हा मारामारीचा व्हिडिओ गेम फक्त त्यातल्या टेकन बॉल या मोडसाठी, म्हणजे खेळायच्या एका वेगळ्या प्रकारासाठी, घेतला तरी पैसे वसूल आहेत. सगळे रिव्ह्यू बघा, स्टोरी मोडवर बोलतील, हीट सिस्टीमवर (थोडा वेळ आपला मारा वाढवणारी सोय) बोलतील, ग्राफिक्सवर बोलतील आणि बॉलला शेवटी एक ओळ, की हो हा पण आहे. माझ्याकडे इंदूरला प्लेस्टेशन ५ म्हणजे पीएस ५ वर हा गेम बरेच महिने चालू आहे आणि आमच्याकडे सगळ्यात जास्त खेळला गेलेला मोड हाच आहे, म्हणून म्हटलं यावर कुणीतरी नीट लिहायला पाहिजे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा बीच व्हॉलीबॉलसारखा प्रकार आहे पण हात जोडून बॉल उडवायचा नसतो, टेकनच्याच लाथाबुक्क्यांनी मारायचा असतो. दोघं आपापल्या बाजूला उभे, रेषा ओलांडून समोरच्याच्या अंगावर जाता येत नाही, आणि लाइफ बार मात्र नेहमीच्या फाइटसारखाच वर दिसत असतो. तुम्ही मारलेला बॉल समोरच्याला लागला की त्याचा बार कमी होतो, आणि त्याच्या बाजूला जमिनीवर पडला तरी कमी होतो. बॉल किती जोरात लागणार ते तुम्ही कोणत्या मूव्हनं मारला त्यावर, म्हणजे साधा जॅब, हलका झटपट पंच, मारला तर बॉल नुसता तरंगत जातो आणि एखादी मोठी हळू येणारी मूव्ह टायमिंगवर बसली की समोरच्याचा बार एकदम खाली. बस, एवढंच. पाच मिनिटांत कुणालाही समजतं.

हा मोड नवीन नाही बरं का. टेकन ३ प्लेस्टेशनवर १९९८ ला आला तेव्हा त्यात होता, आर्केडच्या मशीनवर नव्हता, घरच्या डिस्कवरच. तेव्हा बीच बॉल, रबरासारखा गम बॉल आणि लोखंडी बॉल असे तीन प्रकार होते आणि गॉन नावाचा तो छोटा डायनासोर ह्याच मोडमध्ये हरवून मिळवता यायचा. आमच्या पिढीतल्या किती पोरांनी तासाच्या हिशोबानं पैसे देऊन व्हिडिओ गेम पार्लरमध्ये बसून ते केलं असेल, इंदूरच्या राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांमध्ये तेव्हा अशी दुकानं होती, एका खोलीत चार टीव्ही आणि मागे उभी असलेली पोरं. त्यानंतर मात्र हा मोड गायबच. प्लेस्टेशन २ वरच्या टेकन टॅगमध्ये बॉलिंग आलं, तेच बॉलिंग टेकन ७ मध्ये २०१७ ला वेगळं विकत घ्यायचं डीएलसी म्हणून आलं, पण बॉल नाही. मधे एकदाच २०१२ ला टेकन टॅग २ च्या वी यू (निन्टेन्डोचा कन्सोल) वाल्या एडिशनमध्ये होता, आणि आपल्याकडे वी यू कुणाच्या घरात होता सांगा. त्यामुळे २६ जानेवारी २०२४ ला टेकन ८ आला आणि त्यात बॉल आहे, तोही वेगळे पैसे न देता, हे कळलं तेव्हा मला खरंच फार आनंद झाला होता.

आता खरा मुद्दा. फायटिंग गेमचा सगळ्यात मोठा त्रास म्हणजे खेळता येणारा आणि न येणारा एकत्र बसू शकत नाहीत. मी भाच्याशी सरळ फाइट खेळलो तर तो दहा सेकंदात हवेत लटकलेला असतो आणि खाली येईपर्यंत राउंड संपलेला, त्याला त्यात काय मजा येणार. टेकन ८ ची सरळ फाइट तर आधीच्यापेक्षाही अंगावर येणारी आहे, ज्याला आक्रमण येतं त्याचंच राज्य. बॉलमध्ये हे होत नाही कारण मला त्याला पकडताच येत नाही, माझे पाठ केलेले कॉम्बो, म्हणजे लागोपाठ फटक्यांच्या साखळ्या, तिथे काही कामाचे नाहीत, मधे बॉल आहे आणि तो दोघांना सारखाच दिसतो. ज्याची नजर चांगली तो जिंकतो. भाचा मला जिंकतो, नेहमी नाही पण जिंकतो, आणि मी त्याला जिंकू देत नाही, तो खरोखर जिंकतो.

आणि आमची आई. वय सत्तरच्या पुढे, तोपर्यंत आयुष्यात कंट्रोलर हातात धरलेला नव्हता. गणपतीत सगळे आमच्याकडे सुदामा नगरला जमले होते, आरती झाली, जेवणं झाली, पोरं खेळत बसली होती आणि आई मागून बघून राहिली होती. मग म्हणाली ते पांडाचं (गेममधलं एक कॅरेक्टर) मला द्या. टेकनचं एक मला नेहमी आवडतं की चार बटणं म्हणजे चार हातपाय, चौकोन डावा हात, त्रिकोण उजवा हात, फुली डावा पाय, गोल उजवा पाय. हे एवढं सांगितलं की नवीन माणसाला शरीर समजतं, दुसऱ्या गेममध्ये हलका पंच भारी पंच समजावत बसावं लागतं. आईनं आधी अंगठ्यानं एकेक बटण दाबून बघितलं, पांडाचा कोणता पंजा हलतो ते चष्मा सारखा करून नीट पाहिलं, आणि मग फक्त गोल. भाचा बाजूला बसून ओरडतोय आजी आत्ता नाही, आत्ता नाही, हां आत्ता, गोल दाब गोल! आणि तो बॉल जाऊन समोर मेहुण्याच्या किंगला, म्हणजे त्यानं घेतलेल्या कुस्तीगीर कॅरेक्टरला, लागला तेव्हा जो गोंधळ झाला ना घरात, शेजारच्या काकू बघायला आल्या. आता रविवारी पोहे झाले की ती स्वतः विचारते, लावता का रे ते बॉलचं.

पण म्हणून हा मोड लहान मुलांचा आहे असं समजू नका, माझं तर म्हणणं आहे टेकन शिकायला याच्याइतकी चांगली जागा नाही. कसं ते सांगतो. टेकनमध्ये प्रत्येक मूव्हची उंची असते, वरची, मधली, खालची, आणि नवीन माणूस हे पाठ करून शिकायला जातो म्हणून कंटाळतो. बॉलमध्ये ते डोळ्यासमोर दिसतं. खाली आलेल्या बॉलला वरचा पंच मारला की हात वरून जातो आणि बॉल पायाशी पडतो, बार कमी, शिकलात. तसंच वेळेचं. पॉल नावाच्या कॅरेक्टरचा तो मोठा उजव्या हाताचा ठोसा घ्या, सरळ फाइटमध्ये तो चुकला की समोरचा तुम्हाला सोडत नाही, इथे समोरचा रेषेपलीकडे आहे म्हणून तुम्ही तो बिनधास्त मारू शकता, पण तो यायला वेळ लागतो म्हणून बॉल वर असतानाच बटण दाबावं लागतं, आणि हा अंदाज एकदा हातात बसला की तो सरळ फाइटमध्ये पण सोबत येतो. माझ्या भाच्याला हाच अंदाज बॉलमधून आलाय, कुणी शिकवलेला नाही. ह्वोरांग हा लाथा मारणारा कॅरेक्टर घेतला तर लाथा भरभर येतात, बॉल चुकण्याची शक्यता कमी पण एकेका फटक्यात जोर कमी, आणि जॅक हा भलामोठा रोबो किंवा अस्वलं घेतली तर उलट. लाँचच्या वेळी ३२ कॅरेक्टर होते, त्यातले निम्मेअधिक आम्ही बॉलमध्ये फिरवून झालेत आणि प्रत्येकाचा बॉल वेगळा जातो. सरळ फाइटमध्ये ज्याला आम्ही हात लावत नव्हतो असे कितीतरी इथे आवडीचे झाले.

एक फार महत्त्वाचं, टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड नावाचा ऑप्शन असतो तो चालू करा. नाहीतर टीव्ही चित्र सुंदर करण्यात वेळ घालवतो आणि बटण दाबल्यापासून हात हलेपर्यंत मधे फरक पडतो, सरळ फाइटमध्ये नवीन माणसाला तो जाणवत नाही पण बॉलमध्ये सगळं टायमिंगवरच आहे, लोक म्हणतात गेम खराब आहे आणि खराब असते टीव्हीची सेटिंग. आणि दुसरा कंट्रोलर लागेलच, तो पीएस ५ चा सहा हजारांच्या आसपास जातो, तेव्हा बजेट करताना गेमच्या किमतीत तो धरून चला.

काय आवडलं नाही तर, एकट्याला हा मोड फार दिवस पुरत नाही. कॉम्प्युटरशी खेळायची सोय आहे, सुरुवातीला हात बसवायला ठीक, पण बॉलची सगळी गंमत समोरच्याला फसवण्यात आहे, म्हणजे मोठा फटका मारणार असं दाखवून हळूच जॅबनं टाकणं, आणि मशीन फसलं तरी त्याचं तोंड थोडीच पडतं. सोफ्यावर बाजूला बसलेल्याचं पडतं. ह्याला थोडा अजून मान मिळायला हवा होता असं मला मनापासून वाटतं, एखादी छोटी टुर्नामेंट लावता आली असती, चौघं-सहाजण जमले की आम्ही कागदावर नावं लिहून ड्रॉ काढतो, ते गेमनंच केलं असतं तर किती छान झालं असतं. टेकन ३ मधला लोखंडी बॉल ज्यांनी खेळलाय त्यांना तर माहीतच आहे की नुसता बॉल बदलला तरी डाव कसा बदलतो.

गेममध्ये ऑनलाइन भेटायची फाइट लाउंज नावाची जागा आहे, तिच्यात बीचचा भाग आहे, तिथे आपला छोटा अवतार घेऊन जायचं आणि समोर कुणी असेल तर बॉल खेळायचा. अनोळखी लोकांशी मी फार नाही खेळलो, खरं सांगायचं तर माझ्या वेळेला तिथे गर्दी कमीच दिसते. पण क्रॉसप्ले, म्हणजे वेगवेगळ्या मशीनवरून एकत्र खेळायची सोय, आहे, त्यामुळे पुण्याला माझा चुलतभाऊ त्याच्या पीसीवर आणि मी इथे पीएस ५ वर, हे आरामात जमतं. त्याचं पीसीचं एक सांगून ठेवतो, शंभर जीबी जागा लागते, त्याला आधी बरंच काही उडवावं लागलं. आमच्या कॉलनीत पावसाळ्यात नेट कधी कधी मान टाकतं तेव्हा बॉल मधेच टुणकन जागा बदलतो आणि त्या दिवशी खेळण्यात अर्थ नसतो, वायफाय सोडून राउटरची केबल सरळ कन्सोलला लावली तेव्हापासून पुष्कळ फरक पडला. आता शनिवारी रात्री सराफ्यातून (इंदूरचा रात्रीचा खाऊबाजार) परत आलो की मी त्याला मेसेज टाकतो, आई जागी असेल तर पहिला डाव तिचा, आणि तो तिकडून फोन स्पीकरवर ठेवून म्हणतो काकू, आज पांडा नाही हं, दुसरं काहीतरी घ्या.